न्यूनगंड म्हणे!

मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो. कॉलेजातल्या पोरांवर मी काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ओझ्यातलं मला कळतं. हमाल वाकला तर त्याचा कणा मागनं तपासा, आधी पाठीवरची गोणी उतरवा.

कॉलेजात उलटं चालतं. आपलं पोर वर्गात गप्प बसलं, खचलं, की शब्द तयार : न्यूनगंड. म्हणजे दुखणं त्याचंच! १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. अठरा वर्षांचा पोर. संस्थेच्या समितीनं अंतरिम अहवालात लिहिलं, जातिभेदाचा पुरावा नाही, अभ्यासात मागे पडत होता. आणि त्याच वर्षी जुलैत त्याच संस्थेनं सूचना काढली : एकमेकांना जेईईचा रँक, जात विचारू नका. कुणी विचारतच नव्हतं, तर मनाई कुणाला केली?

अभ्यासाचंच म्हणाल तर पायल तडवी एमबीबीएस झालेली होती. जळगावकडची तडवी भिल्ल पोरगी, नायर रुग्णालयात एमडी करत होती. २२ मे २०१९ ला तीही गेली. सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचा आरोप आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २००७ साली थोरात समितीला आपली पोरं होस्टेलच्या वरच्या मजल्यांवर एकवटलेली सापडली. महारवाडा गावाबाहेर असायचा, इथं तो जिना चढून वर गेला एवढंच.

शिकलास की सगळं ठीक होईल, असं आपल्यातलेही सांगतात. बाबासाहेब १९१८ ला सिडनहॅममध्ये प्रोफेसर झाले, कोलंबियात शिकून आलेले. तरी त्यांनी प्राध्यापकांच्या माठातलं पाणी पिण्याला हरकत घेतली गेलीच. गुणवत्तेचं भांडं तेव्हाच फुटलं.

'तुम्ही इथले नाही' म्हणतात. मालेच्या शेजारी मुळशीचं धरण आहे. १९२१ ला शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावं बुडाली. १९२७ पासून त्या पाण्याची वीज भिऱ्याहून मुंबईला येते. त्या दिव्याखाली बसून कुणी 'तू कोट्यातला का' विचारलं, तर दिवा कुणाच्या कोट्यातला ते विचारा.

पवईत आंबेडकर-पेरियार-फुले स्टडी सर्कल आहे. तशी मंडळं होस्टेलाहोस्टेलात हवीत. तक्रारीला एकट्याला धाडू नका, दहाजण जा, तारखेसकट लेखी पोच घ्या. समुपदेशकाकडे पाठवलं तर जरूर जा दोस्तांनो, पण रँक विचारणाऱ्याला तिथं कधी पाठवणार, तेवढं विचारून या.