सलग जागेचा प्रश्न

संगणकाची स्मृती, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील मेमरी, पुरेशी मोठी असली की सर्व काही साधले, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत दृढ आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर असूनही या समजास हरकत घेतो. जागा किती आहे याइतकेच ती सलग आहे की विखुरलेली, यालाही महत्त्व असते.

लिनक्स प्रणालीत स्मृतीची वाटणी पानांनी होते. बहुतेक यंत्रांत एक पान ४०९६ बाइटांचे असते. सामान्य प्रोग्रामला ही पाने इकडूनतिकडून मिळाली तरी चालते. पत्त्यांच्या कोष्टकामुळे ती त्याला एका ओळीत भासतात. कॅमेरा किंवा पडदा यांसारखी उपकरणे मात्र प्रोसेसरला मध्ये न घेता थेट स्मृतीशी व्यवहार करतात. त्यांपैकी काहींना विखुरलेल्या पत्त्यांची यादी वाचता येते, तर काहींच्या दिमतीस पत्ते बदलून देणारी आयओएमएमयू नामक यंत्रणा असते. स्वस्त उपकरणांत पुष्कळदा यांतले काहीच नसते. त्यांच्या ड्रायव्हरला खरीखुरी सलग जागा मागावी लागते. आणि तीही थोडीथोडकी नव्हे! १९२० बाय १०८० ठिपक्यांचे एक चित्र, दर ठिपक्यास ४ बाइट धरता, ८२,९४,४०० बाइटांचे होते; म्हणजे बरोबर २०२५ पाने, एकीस लागून एक. यंत्र बराच वेळ चालल्यावर मोकळी पाने हजारोंनी सापडतील, पण शेजारीशेजारी सापडतीलच असे नाही.

यंत्र सुरू होतानाच अशी जागा बाजूला काढून ठेवावी, हा जुना उपाय. कॅमेरा दिवसातून पाचच मिनिटे उघडला, तरी उरलेला दिवस ती जागा कोणाच्याही उपयोगी पडत नसे. अल्प स्मृतीच्या फोनवर शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही चैन आम्हांस अन्यायाची वाटते.

२०१२ साली लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत मारेक शिप्रोव्स्की, मिखाऊ नाझारेविच प्रभृतींनी घडविलेली ‘सीएमए’ ही योजना आली. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसाठी राखलेली पहिली रांग आठवावी. पाहुणे येईपर्यंत तेथे मुलांना बसू द्यावे. मात्र पाहुणे येताच उठून मागे जाण्याची अट घालावी. सीएमए हेच करते. राखीव पट्ट्यात केवळ हलविता येण्याजोगी पाने बसविली जातात, आणि ड्रायव्हरने मागणी करताच ती अन्यत्र नेली जातात.

यावर आक्षेप असा, की हलवाहलवीस वेळ लागतो, आणि एखादे पान कोणी खिळवून ठेवलेले असेल तर मागणी फसतेही. पायास प्लास्टर घातलेला मुलगा रांगेच्या मधोमध बसला, तर उठणार कसा? आक्षेप खरा आहे. परंतु त्यासाठी रांग पुन्हा दिवसभर रिकामी ठेवणे आम्हांस मान्य नाही. अशा मुलाला आरंभीच दुसरीकडे बसवावे. पुढील आवृत्त्यांत दीर्घकाळ खिळवायचे पान आधी त्या पट्ट्याबाहेर हलविण्याची तजवीज झाली, ती आम्हांस योग्य वाटते.

अपवाद आम्ही एकच मानतो. रुग्णशय्येजवळील यंत्राला जागेसाठी क्षणभरही तिष्ठत ठेवता येत नाही. तेथे ती कायमची राखून ठेवावी, आणि रिकामी दिसली तरी कोणी नाक मुरडू नये.