बिनशेजाऱ्याची जागा



भात निसवलंय, पाऊस उघडझाप करतोय, करपा अजून तरी नाही. शेतीचं आज एवढंच. बाकी एका फोनबद्दल लिहायचं आहे.

पुण्याहून एका तरुणाचा फोन आला. नोकरी चांगली आहे, पण कंटाळला आहे. म्हणाला, "काका, तुमचं पेज नेहमी वाचतो. सह्याद्रीच्या पायथ्याला तीनेक एकर जागा बघा. लाईट नसली तरी चालेल, रस्ता नसला तरी चालेल. शेजारी तर नकोच. आपलं पिकवायचं, आपलं खायचं, कुणावर अवलंबून राहायचं नाही."

असे फोन आता वरचेवर येतात. पूर्वी मी हसायचो. आता हसत नाही, कारण पोरं खरंच दमलेली असतात. आधी शेतकरी दाखला आहे का एवढं विचारतो, कारण त्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्याच्याकडे आहे, आजोबांची जमीन आहे कुठेतरी.

त्याला हवी तशी जागा माझ्याकडे आहे, म्हणून हे लिहितोय. वाडीपासून दीड तासाच्या चढणीवर, वर सड्याच्या कडेला, आमच्या घराण्याची. खाली पऱ्या, मागे जंगल, माणूस नाही. माझा काका तिथे घर करून राहायचा. आज फक्त जोतं उरलंय आणि एक फणस. सातबारावर चौदा नावं आहेत, त्यातली अकरा मुंबईला. चुलतभाऊ म्हणतो, देऊन टाक, वानरांना पोसण्यापेक्षा पैसे येतील. पैसे मलाही नको आहेत असं नाही.

काका त्या जागेवर काय पिकवायचा? नाचणी, वरी, कुळीथ, थोडं भात, परसात पडवळ नि काकडी. दूध घरचं, आमसुलं घरची. लोक म्हणतील, हेच तर स्वयंपूर्ण. पण मीठ खालून यायचं. रॉकेल खालून यायचं. कोयता-कुदळ लोहाराकडून, त्याला सुगीला भात. कापडाला आणि सरकारी भरण्याला रोख लागायची, ती मुंबईच्या मनीऑर्डरीतून. मिलमध्ये एक भाऊ उभा होता म्हणून डोंगरात दुसरा भाऊ राहू शकला. कोकणातली किती घरं अशी चालली ते मोजायला गेलात तर पोस्टमनला विचारावं लागेल. आणि लावणीला वाडीतली दहा माणसं वर चढायची, मग काका-काकी आमच्याकडे उतरायचे. आज तुझं, उद्या माझं.

मग एका वर्षी दसऱ्याच्या आधी काकीला फुरसं चावलं. संध्याकाळी गवत कापताना, पायाला. मी सातवीत होतो. चुलतभाऊ काळोखात धावत खाली आला तो फक्त "आये" एवढंच बोलला. वडलांनी हाका मारल्या नि आठ माणसं निघाली. घोंगडी बांबूला बांधून डोली केली. पाखाडी ओली, हातात चुडी. दोघं पुढे, दोघं मागे, दमले की पुढचे चार. वाडीत आणली तेव्हा काकीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. फुरश्याच्या विषाने रक्त गोठत नाही, हे मला फार नंतर कळलं. तिथून पुढे डांबरी रस्त्यापर्यंत परत तीच आठ माणसं. काकी वाचली. पुढच्या पावसाळ्याआधी काकाने वरच्या घराची कौलं काढली आणि खाली येऊन राहिला.

आता रस्ता वाडीपर्यंत आलाय. १०८ ची गाडी येते, पण रस्ता संपतो तिथपर्यंतच. वरून खाली कोण आणणार? मी परवा रात्री मोजलं. आमच्या वाडीत साठीच्या आतले, डोली उचलू शकणारे पुरुष पाच. गणपतीत चाळीस असतात, पण फुरसं गणपती बघून चावत नाही.

त्या मुलाने मला थोरोचं नाव सांगितलं. अमेरिकेतला तो माणूस, १८४५ ते १८४७ वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं पुस्तक मराठीत आणलं आहे, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. देवरुखात मागे मी वाचलं होतं, अर्धं समजलं. पण शेतीचं होतं ते नीट लक्षात आहे. जागा मित्राची, इमर्सनची. कुऱ्हाड उसनी आणलेली. घराचा सांगाडा उभा करायला ओळखीची माणसं बोलावली. नांगरटीला जनावरं आणि गडी भाड्याने. घेवडा पिकवला आणि त्याच्या बदल्यात तांदूळ घेतला! गाव दीडेक मैलावर. हे त्याने लपवलं नाही, खर्च पैशापैशाने लिहिला आहे. आपण वाचताना तेवढाच भाग गाळतो.

आपल्याच जिल्ह्यात दापोलीजवळ कुडावळ्याला दिलीप कुलकर्णी येऊन राहिले, 'गतिमान संतुलन' मासिक काढलं, कमी गरजांत राहून दाखवलं. ते गावात राहिले. मला वाटतं कमी लागणं आणि कुणी न लागणं यात लोक गल्लत करतात. पहिलं जमतं. आमच्या आजीला जमलं होतं, तिला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आणि वानर, डुक्कर विसरू नका. वाडीत चार कुत्री, आठ घरं, कुणीतरी ओरडतंच, तरी अर्धी काकडी जाते. वर एकट्याने काय राखणार? पाण्याचंही तेच. तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, पण चैत्रात तो पऱ्या कोरडा. काकी तेव्हा हंडा घेऊन अर्धा तास उतरायची.

तर मी त्याला वरची जागा नाही म्हणून सांगितलं. चुलतभाऊ रागावलाय, रागावू दे. त्याऐवजी वाडीतलं एक बंद घर आहे, मालक ठाण्याला, भाड्याने देतील. विहीर सामायिक आहे. खालचा मळा दोन वर्षं पडीक आहे, तो कसायला घे म्हटलं. शेजारी आम्हीच.

तो म्हणाला, विचार करतो, दिवाळीनंतर बघायला येतो. मी म्हटलं, दिवाळीनंतर सगळ्यांनाच कोकण आवडतं. आत्ता ये, गवत कापणी सुरू होतेय. गमबूट घेऊन ये आणि एक बरी बॅटरी आण.