तळे की धरण?

मराठीत ‘तळे’ हा मोठा सात्त्विक शब्द आहे. औष्णिक वीजकेंद्राची ओली राख बांध घालून साठवतात, त्यालाही आपण ‘राखेचे तळे’च म्हणतो. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा असा बांध अतिवृष्टीत फुटला आणि राख शेताशिवारांत पसरली. आमच्या परतवाड्याजवळच्या सापन प्रकल्पाला धरण म्हणतात, म्हणून त्याला धरणाचे नियम लागतात. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यातली व्याख्या मात्र नदीचे पाणी अडवणाऱ्या वा वळवणाऱ्या बांधकामापाशीच थांबते. राखेचा किंवा खाणीतल्या गाळाचा बांध तिच्यात सहजी बसत नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना तरी हे खटकायला हवे. पाणी निदान आटते. गाळ वरून सुकला तरी पोटात ओल धरून असतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्हो येथील लोहखाणीचा बांध 1976 पासूनचा. त्यात गाळ सोडणे थांबले होते, स्थिरतेचा दाखलाही काही महिन्यांपूर्वीच मिळाला होता. 25 जानेवारी 2019 रोजी तो कोसळला, 270 माणसे गेली. वऱ्हाडात पारसच्या वीजकेंद्राची राख साठते आहे. तिचा बांध कोण तपासतो, किती वर्षांनी तपासतो, आणि तो अहवाल खालच्या गावांना मराठीत वाचायला मिळतो का?