चेहरा जुळला तरच आहार?



नाणे मावळातल्या बैठकीत एका अंगणवाडी सेविकेनं मला विचारलं, "ताई, आहार न्यायला आलेल्या बाईचा फोटो मी काढते, तो जातो कुठं?" नेमकं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी 'पोषण ट्रॅकर'वर चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाईल परत केले होते, मराठी अ‍ॅप मागितलं होतं. यंत्राला आपला विरोध नाही. पण गरोदर बाईचा आहार हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. तो चेहरा जुळण्यावर का अडावा? आणि यंत्राचं वाढीव काम सेविकेनं मानधनावरच का करावं? गावोगावच्या बैठकांत हे विचारूया.