शिक्षकाच्या हातातील यंत्र

शिक्षकाने संगणकीय कौशल्ये आत्मसात केली की आपल्या पेशात त्याला अधिक समाधान लाभते, असा सिद्धान्त सध्या शिक्षणशास्त्राच्या परिसंवादांतून मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, सहसंबंध काढायचा आणि आणखी एका प्रशिक्षणवर्गाची शिफारस करायची, हा त्याचा ठरलेला क्रम. अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून माझा आक्षेप साधा आहे. कौशल्य हे श्रमाचे अंग आहे. त्या श्रमावर हुकमत कोणाची, हे विचारल्याविना समाधानाची भाषा करणे निरर्थक होय.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत हे कौशल्य कोठे खर्ची पडते ते पाहावे. ‘सरल’वर विद्यार्थ्यांची माहिती, ‘यू-डायस’वर शाळेची, पोषण आहाराच्या नोंदी, वेतनासाठी ‘शालार्थ’, आणि या साऱ्यांवर कडी म्हणजे ‘आजच पाठवा’ असे व्हॉट्सॲपवरून येणारे फर्मान. अशा शाळेला लिपिक नसतो. लिपिकाचा पगार वाचवून त्याचे काम शिक्षकाच्या माथी मारायचे आणि त्याला ‘डिजिटल साक्षरता’ हे गोंडस नाव द्यायचे, असा हा व्यवहार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांची मुभा देते. तक्ते भरणे त्यात बसत नाही, म्हणून तेच ‘शैक्षणिक’ मानून घ्यायचे! आणि ज्याला हे काम चांगले जमते, त्याच्याकडे शेजारच्या शाळांचेही तक्ते येऊन पडतात. नैपुण्याचे बक्षीस म्हणजे दुप्पट हमाली.

यातील भांडवल कोणाचे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. गिरणीत निदान माग मालकाचा असे. येथे बहुतेक ठिकाणी फोन शिक्षकाचा, त्याचे रिचार्जही त्याच्याच खिशातून. सोलापूरची विडी कामगार स्त्री घरी बसून विड्या वळते आणि कारखानदाराचा जागेचा, दिवाबत्तीचा खर्च वाचतो, पद्धत तीच. फरक इतकाच की तिला हजार विड्यांमागे, तुटपुंजी का होईना, मजुरी मिळते. शिक्षकाच्या या रात्रपाळीला दरच नाही.

हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली दाखवून दिले की, भांडवली व्यवस्थेत कामाची योजना कामगाराच्या हातून काढून घेतली जाते आणि त्याच्यापाशी केवळ अंमलबजावणी उरते. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांवर डिजिटल हजेरी लादली, तेव्हा त्यांनी विरोध केला आणि काही दिवसांतच सरकारला ती स्थगित करावी लागली. त्या शिक्षकांना फोन वापरता येत नव्हता काय? उत्तम येत होता. भांडण पाळतीशी होते.

आम्हांला यंत्रविरोधी ठरवण्याची घाई कोणी करू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वज्ञात आहे. तेथे यंत्राने काय करायचे हे वर्गातील शिक्षकाने ठरवले होते. वरून आलेला तक्ता आणि हा प्रयोग यांना एकाच ‘कौशल्या’च्या रकान्यात बसवणारे संशोधन कोणाच्या सोयीचे आहे?

समाधानाची एवढी काळजी असेल तर शासनाने आधी शिक्षणसेवकाकडे पाहावे. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे पूर्ण काम आणि अपुरे मानधन. प्राथमिक शाळेत ते कित्येक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते; २०२३ मध्ये १६,००० झाले. प्रशिक्षित शिक्षकाला चांगले वेतन द्या, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला सांगितले होते!

तेव्हा शिक्षक संघटनांनी आणखी प्रशिक्षण मागू नये. प्रत्येक केंद्रात माहिती भरण्यासाठी पगारी लिपिक, शासनाच्या खर्चाने यंत्र व जोडणी, आणि शिक्षणसेवक पद्धत रद्द, या मागण्या पुढे रेटाव्यात. त्या मान्य होईपर्यंत शाळेच्या वेळेबाहेर एकही रकाना भरू नये.