‘छान आहे’ हे मत नव्हे

परप्रांतात राहणारा मराठी माणूस कादंबऱ्या वाचीत नाही, अशी तक्रार अधूनमधून कानी येते. ती आम्हांस मान्य नाही. रायपुरास टपाल, रेल्वे, आयकर, लेखापरीक्षण अशा खात्यांतून बदलीवर आलेल्या मराठी मंडळींत वाचणारे पुष्कळ आहेत. आमची तक्रार निराळी आहे. ही मंडळी वाचतात. परंतु वाचलेल्याविषयी जे बोलतात, त्याला मत म्हणणे कठीण आहे. ‘सध्या काय चालले आहे वाचन?’ असे विचारले, तर पुस्तकाचे नाव कळते. ‘कशी वाटली?’ असे विचारले, तर ‘छान आहे’, ‘जरा जड आहे’, फार तर ‘हिला पुरस्कार मिळालेला आहे’ एवढे उत्तर येते, आणि संभाषण महागाई भत्त्याकडे वळते.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. ‘प्रस्ताव छान आहे’ एवढेच टिपण लिहून आम्ही फाइल वर पाठविली, तर ती त्याच दिवशी परत येईल. छान आहे तर कोणत्या नियमाने, पूर्वीचा दाखला कोणता, कोणाचा आक्षेप आहे काय, असे प्रश्न तिच्यावर लिहिलेले असतील. चार लाकडी खुर्च्यांच्या खरेदीस जेवढी कारणमीमांसा लागते, तेवढीही आपण पाचशे पानांच्या कादंबरीस देऊ नये, हे सुशिक्षित नोकरवर्गास शोभते काय? दिवसभर कारणांसह शेरे लिहिणारा हा वर्ग संध्याकाळी कादंबरीविषयी बोलू लागला की केवळ हजेरी लावतो.

उदाहरणच घ्यावयाचे तर ‘मृत्युंजय’चे घेऊ. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली आणि आजही बदलीच्या सामानात तिची प्रत हटकून सापडते. तिच्याविषयी बोलताना मंडळींचा कंठ दाटून येतो. परंतु थोडे खोदून विचारावे, तर असे दिसते की मंडळींना आवडलेला असतो तो कर्ण. कर्ण आवडणे आणि कादंबरी आवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कर्ण व्यासांचा आहे. सावंतांचे काय आहे, हा प्रश्न आहे. त्यांनी ही कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगविली. मग या सहा जणांची वाणी सहा प्रकारची आहे काय? सारथ्याच्या घरात वाढलेला शोण आणि द्वारकेचा श्रीकृष्ण एकाच अलंकृत धाटणीने का बोलतात? खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना बोलते केले होते; त्यांना हे अधिक साधले की कमी? आमच्या मते या बाबतीत दोन्ही कादंबऱ्या उण्या पडतात. कोणास हे मान्य नसेल, तर त्याने पान उघडून आम्हांस खोडून काढावे. आम्हांस हवे आहे ते हेच खोडून काढणे. परंतु असे काही बोलले की मंडळी दुखावतात; जणू आम्ही कर्णाच्या कुळावरच पुन्हा शिंतोडे उडविले!

याचे कारण आम्हांस असे दिसते की परप्रांतात मराठी कादंबरी ही वाचण्याची वस्तू न राहता आठवणीची वस्तू होते. गोडा मसाला आणि दिवाळीचा आकाशकंदील यांच्या पंक्तीस ती जाऊन बसते. आकाशकंदिलाची समीक्षा कोणी करीत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. तो आनंद यथार्थच होता. तथापि दर्जा शासनाच्या निर्णयाने मिळतो. चिकित्सक वाचक तसा मिळत नाही.

बरे, ज्या गावी आपण बसलो आहो ते गाव तरी या बाबतीत रिकामे आहे काय? ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली याच रायपुरात झाला. ज्ञानकोशाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या, आणि त्यांपैकी एकीचे नावच ‘गोंडवनातील प्रियंवदा’ असे आहे, हे येथील किती मराठी घरांत ठाऊक असेल? त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. कुळाच्या डागामुळे जिच्यापुढे समाजाची दारे बंद होतात, त्या कालिंदीची ही कथा. केतकरांच्या कादंबऱ्यांची रचना सैल आहे, पात्रे बोलता बोलता समाजशास्त्राचे व्याख्यान देऊ लागतात, हा आक्षेप जुना आहे आणि आमच्या मते खराही आहे. परंतु दुर्गाबाई भागवतांना या कादंबऱ्यांचे महत्त्व वाटले आणि त्यांनी १९६७ साली ‘केतकरी कादंबरी’ हे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. मत मांडणे म्हणतात ते याला. ज्या लेखकास रसिकांनी बाजूस सारले, त्याच्यासाठी एक वाचक उभी राहते आणि आपली कारणे लिहून काढते. केतकरांच्या जन्मगावी बसून आपण मात्र त्यांना सैल म्हणत नाही आणि थोरही म्हणत नाही. आपण त्यांना उघडतच नाही.

दुसरे नाव माधवराव सप्रे यांचे. या मराठी गृहस्थाने १९०० साली रामराव चिंचोलकरांच्या सहकार्याने पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते तीनच वर्षे चालले. परंतु नव्या पुस्तकांचे गुणदोष कारणे देऊन सांगण्याची जी रीत त्याने पाडली, तिच्यामुळे हिंदी समीक्षेच्या आरंभकाळात सप्र्यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्या प्रदेशात एका मराठी माणसाने परभाषेला परखड परीक्षणाचे वळण लावले, त्याच प्रदेशात त्याचे भाषाबांधव स्वभाषेतील कादंबरीविषयी ‘छान आहे’च्या पुढे जात नाहीत, यास काय म्हणावे?

आणि तिसरे नाव याच शहरात राहून ज्यांनी लिहिले त्या दिवंगत विनोदकुमार शुक्ल यांचे. त्यांना २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले. त्यांची ‘नौकर की कमीज’ ही १९७९ ची कादंबरी एका सरकारी कचेरीतील बाबूची आहे. साहेबांच्या घरी आदर्श नोकरासाठी शिवून ठेवलेला सदरा आहे, आणि तो या बाबूच्या अंगावर चढविला जातो. आम्हां कारकुनांना यापेक्षा जवळचा विषय कोणता? ही कादंबरी वाचून मराठीत तिच्या तोडीची कारकुनाची कादंबरी कोणती, यावर दोन मराठी कारकून कडाडून भांडले, असे दृश्य आम्हांस पाहावयाचे आहे. दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या वाचकालाच ही तुलना सहज साधेल. पुण्यामुंबईच्या वाचकाला न मिळणारी ही जागा आपल्याला बदलीच्या हुकमाने फुकट मिळाली आहे.

यावर येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, वाचन हा विरंगुळा आहे. आम्ही काही समीक्षक नव्हे. मान्य. परंतु क्रिकेट हाही विरंगुळाच आहे. तरी कोणत्या गोलंदाजाला कोणत्या षटकात चेंडू द्यावयास हवा होता, यावर हीच मंडळी दीड तास सप्रमाण बोलतात. तेथे कोणी ‘सामना छान होता’ म्हणून उठून जात नाही.

दुसरा आक्षेप असा की, परक्या मुलखात आपल्याच भाषेच्या पुस्तकांना नावे ठेवणे बरे नव्हे. हा आक्षेप आम्हांस सर्वांत घातक वाटतो. १९६३ साली ‘कोसला’ आली तेव्हा महाराष्ट्रातील वाचक तिच्यावरून दुभंगले. कोणी तिला डोक्यावर घेतले, कोणाला ती कादंबरीच वाटेना. त्या भांडणाने मराठीचे काय बिघडले? उलट मराठी कादंबरी कशी असू शकते, याचा विचार त्यानंतर नव्याने सुरू झाला.

तिसरा आक्षेप पुस्तके मिळत नाहीत हा. रायपूर हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे आणि नागपूर येथून पाच-सहा तासांच्या अंतरावर. सणाला चकलीची भाजणी जेथून येते, तेथून पुस्तकही येऊ शकते.

परंतु खरा प्रश्न आपला नव्हे, आपल्या मुलांचा आहे. ती केंद्रीय विद्यालयात हिंदी आणि इंग्रजीतून शिकतात. घरी त्यांच्या कानावर मराठी पडते ती ‘जेवायला चल’, ‘दिवा लाव’, ‘आजीला फोन कर’ एवढीच. वाद घालावयाचा झाला, एखादी गोष्ट पटवून द्यावयाची झाली, की ती हिंदीकडे वळतात. आणि आपणही वळतो. ज्या भाषेत घरात कधी मतभेद झाला नाही, ती भाषा मुलाला मायेची वाटेल, विचाराची वाटणार नाही. आणि नुसत्या मायेची भाषा पुढच्या पिढीत सणापुरती उरते. आईबाप एका मराठी कादंबरीवरून तावातावाने बोलत आहेत, आई म्हणते नायक भित्रा आहे, वडील म्हणतात तो भित्रा नसून शहाणा आहे, हे मुलाने ऐकले, तर ते पुस्तक तो स्वतः उघडून पाहण्याचा थोडा तरी संभव आहे. ‘छान आहे’ ऐकून आजवर कोणत्या मुलाने पुस्तक उघडले?

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. यापुढे जो कोणी आपण वाचीत असलेल्या कादंबरीविषयी बोलेल, त्याने तीन गोष्टी सांगाव्यात. आपण कोठे थांबलो आणि का थांबलो. लेखकाला काय साधले. आणि काय साधले नाही. जो केवळ स्तुती करील त्याला दोष विचारावा, आणि जो केवळ नाक मुरडील त्याला गुण विचारावा. पुस्तक अर्धे वाचून सोडले असेल तर तसे उघड सांगावे. तेही मतच आहे, मात्र कारण हवे. आणि ज्याचे मत पटत नाही त्याला आपली प्रत पंधरा दिवसांसाठी द्यावी. बदलीचा हुकूम येईपर्यंत आपल्यापाशी दोन-तीन वर्षे असतात. तेवढ्या अवधीत दहा-बारा कादंबऱ्यांवर भांडून होण्यास काही हरकत नसावी.