भांडायला तुम्हाला कोण बोलावतंय?

निवडणूक जवळ आली की तुमच्या फोनवर एखादा व्हिडिओ येतोच. बघून डोकं तापतं, बोट फॉरवर्डकडे जातं. तिथेच जरा थांबा.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये २१ मे २०१६ रोजी एका इस्लामी केंद्राबाहेर दोन जमाव समोरासमोर आले. रस्त्याच्या एका बाजूला विरोध करणारे, दुसऱ्या बाजूला पाठराखण करणारे, मध्ये पोलीस. दोघांनाही बोलावणं फेसबुकवरून आलं होतं. एक पान टेक्सासच्या अभिमानाचं, दुसरं मुसलमानांच्या एकजुटीचं. पुढे सिनेटच्या चौकशीत कळलं की दोन्ही पानं रशियातली एकच टोळी चालवत होती, सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून. जाहिरातींवर खर्च केला सुमारे २०० डॉलर. एवढ्यात आपल्याकडे कोपरासभेचा मांडवही धड होत नाही!

जमलेली माणसं मात्र खरी होती. त्यांचा रागही खरा होता. बोलावणारं कुणी तिकडे फिरकलंच नाही.

हे फक्त तिकडचं नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी इस्रायलमधल्या एका कंपनीची बनावट खाती भारताबद्दल मजकूर टाकू लागली होती. ते लवकरच थांबवल्याचं चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जाहीर केलं. तेव्हा फारसं बिघडलं नाही, पण दरवेळी कुणीतरी वेळेवर पकडेलच असं नाही.

म्हणून सांगतो, संताप आणणारा मेसेज आला तर तो रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी पेपरात ती बातमी आहे का बघा. पाठवणाऱ्या मामांना, काकूंना विचारा, ‘हे तुम्हाला कुणी पाठवलं?’ बहुतेक वेळा त्यांनाही ठाऊक नसतं. ग्रुपवर सगळ्यांदेखत त्यांचा पाणउतारा मात्र करू नका. फोन करून सांगा.

‘मतदान पुढे ढकललं’, ‘केंद्र बदललं’, ‘मोबाईलवरून मत द्या’ असं काही आलं तर १९५० या क्रमांकावर फोन करून खात्री करा. मतदानाच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका.

आता घरातलं काम. मतदार यादीत सगळ्यांची नावं आजच तपासा. नुसतं कार्ड असून भागत नाही, नाव यादीत लागतं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८. तुमच्या भागातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांचा (बीएलओंचा) नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि अठरा पूर्ण झालेल्या नातवाचं नाव हमखास राहून जातं.

केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलेलं निघालं, तर हात हलवत परत येऊ नका. केंद्राध्यक्षांना भेटा. ओळख पटली की कागदावर मत देता येतं, त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, बंद पाकिटात ठेवतात. पण निकालावर कोर्टकज्जा झाला तर तेच पाकीट उघडलं जाऊ शकतं.